साडूंचा पिंजऱ्यातला हात

उजवा हात पिंजऱ्यात घालून डाव्या हाताने अख्खा संसार करणारा माणूस नाशकात एकच होऊन गेला, आणि तो माझा थोरला साडू होता. द्वारका चौकाच्या मागे त्यांचं घर. कुणाला पंख दुखावलेला पोपट सापडला की तो बिनबोभाट त्यांच्या ओट्यावर येऊन पडे. पोपट माणसाळवायची त्यांची रीत एकच: मुठीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ घ्यायची, हात पिंजऱ्यात सोडायचा आणि पोपट आपणहून बोटावर चढेपर्यंत हलायचं नाही. पोपट कडकडून चावे, हे म्हणत, "चव बघतोय." बसल्या जागी ते चहा पीत, पेपर वाचत (पान मेव्हणीबाईंनी उलटायचं), आणि एकदा तर अर्धीच दाढी करून बसले होते, कारण उरलेला गाल डाव्या हाताला साधेना. मेव्हणीबाई म्हणायच्या, "माझ्या वडिलांनी दोन हातांचा नवरा बघितला होता हो."

साडू आता नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. नव्वदीतला एक रविवार. त्यांच्या मुलीसाठी, छायासाठी, पिंपळगावचं स्थळ मीच आणलं होतं. द्राक्षबागेची माणसं, मुलगा छायाच्या मनात भरलेला. साडूंना मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या हात पिंजऱ्यात नको. पण पाहुणे दारात आले तेव्हा हे कोपऱ्यात स्टुलावर, हात आत, आणि कित्येक दिवस नुसती फिस्कारणारी एक पोपटीण नेमकी तेव्हाच बोटावर चढलेली. मुलाच्या वडिलांनी हात जोडले. साडूंनी मान तेवढी हलवली. पाहुण्यांचा चेहरा उतरला. छाया आतल्या दारात पांढरीफटक. मी एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा. त्या दिवशी उघडलं.

"त्यांचा उजवा हात गेलाय," मी म्हणालो. "असाच टेकवून ठेवतात."

"लय वाईट झालं," म्हणत ते गृहस्थ साडूंच्या शेजारी जाऊन बसले आणि आपल्या भावाचा पाय कुठल्या तेलाने परत आला ते सांगू लागले. साडूंनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं. मग डाव्या हाताने उजवा कोपर धरून बोट हळूच दांडीला लावलं, पोपटीण उतरवली, हात तसाच बाहेर ओढून मांडीवर टाकला आणि पोहे डाव्या हाताने खाल्ले.

लग्न ठरलं. मी रोज ठरवायचो, आज खरं सांगून टाकू. साडू एकदाही रागावले नाहीत. म्हणाले, "सांगाल तेव्हा सांगा. तोवर हा हात तुमचा." पिंपळगावहून तेलाच्या बाटल्या येत राहिल्या; मेव्हणीबाईंनी ते तेल पिंजऱ्याच्या कुरकुरणाऱ्या दाराला घातलं. कन्यादानात भटजींनी उजवा हात मागितला, तेव्हा तो मेव्हणीबाईंनीच उचलून पुढे केला.

पाठवणीला छाया वडिलांच्या गळ्यात पडली. व्याही दोन पावलांवर उभे. साडूंनी लेकीला डाव्या हाताने जवळ घेतलं; उजवा तसाच लोंबत होता. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्या तोंडून निघेना. शेवटी छायानेच रडता रडता तो हात उचलून आपल्या पाठीवर ठेवला, आणि त्या गेलेल्या हाताने तिला अशी घट्ट मिठी मारली की तिच्या शालूला चुण्या पडल्या.

व्याह्यांनी ते पाहिलं. क्षणभर थांबले, मग पाठ फिरवून गाडीकडे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर गाडी. काही घाई नाय."