पहिला हात

आमच्या गल्लीतल्या मंदिराचा नवा कळस हेलिकॉप्टरला टांगून आणायचं ठरलं. कारण सांगितलं की गल्लीत क्रेन मावत नाही. खरं कारण एवढंच, की शेजारच्या गावानं त्यांचा कळस क्रेननं चढवला होता आणि आमच्या मंडळींना त्यांच्या नाकावर टिच्चून काहीतरी करायचं होतं. गल्ली अशी की एका घरात फोडणी दिली तर दुसऱ्या घरात ठसका लागतो. तिच्यावरून एवढं मोठं तांब्याचं धूड दोरावर लोंबकळत येणार, आणि सगळे खूश.

कळसाला पहिला हात लावायचा मान आमच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पण थोरला चुलतभाऊ भर बैठकीत म्हणाला, "काका, तुमचे हात लय थरथरायलेत. कळस बसवायचाय का पाडायचाय?"

बैठक हसली आणि मान त्याच्याकडे गेला. वडीलही हसले. घरी येऊन त्यांनी नवा फेटा पेटीत ठेवून दिला आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. मला चुलतभावाचा मनापासून राग आला.

कळस चढवायच्या सकाळी हेलिकॉप्टरवाल्यांच्या माणसानं सगळ्यांना मंदिराच्या ओट्यावर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. गच्च्या रिकाम्या करा. सैल पत्रे बांधून टाका, पंख्याच्या वाऱ्यानं उडतील. आणि तिसरी, हवेतून येणाऱ्या कळसात वीज साठते. तो स्वतः तारेच्या आकड्यानं ती जमिनीत उतरवीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

चुलतभाऊ तेव्हा फेटा बांधून घेत होता. मागून आला आणि मला विचारलं, "मास्तर, काय सांगत व्हता त्यो?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी म्हणालो, "गच्च्या मोकळ्या करा म्हनला, पत्रे बांधा म्हनला."

"बस्स?"

"बस्स."

एक झटका बसेल, भर गल्लीत फजिती होईल, एवढंच मला हवं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

गच्च्या कुणी रिकाम्या केल्या नाहीत. बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होत्या. हेलिकॉप्टर आलं तशी ताटं उडाली, कुणाचा तरी पत्रा रस्त्यावर आदळला. शिखराभोवतीच्या परांचीवर तो माणूस आकडा घेऊन पुढे सरकत ओरडत होता, पण त्या आवाजात ऐकणार कोण? त्याच परांचीवर उभ्या चुलतभावानं दोन्ही हात वर करून कळस धरला. पुढच्या क्षणी तो मागे फेकला गेला आणि खाली ओट्याच्या दगडावर पडला. मी डोळे मिटले नाहीत.

परभणीच्या दवाखान्यात जीव वाचला, मानेखालचं अंग गेलं. त्याला बायको-पोरं नाहीत, तेव्हा तो आता आमच्याच घरात असतो. दोन्ही वेळा त्याला वडील भरवतात. हात थरथरतात, वरण त्याच्या हनुवटीवर सांडतं, ते धोतराच्या सोग्यानं पुसतात. तो दर घासाला तोंड उघडतो.

परवा त्याच्या देखतच वडिलांनी विचारलं, "तू तर विज्ञान शिकवतूस. तुला ठावं न्हवतं व्हय रे हे?"

तो माझ्याकडे बघत होता.

"न्हाई, बाबा," मी म्हणालो.

वडिलांनी पुढचा घास उचलला. चुलतभावानं पहिल्यांदाच तोंड उघडलं नाही.