पत्राखालचं वाक्य

चेन्नईच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याची बायको गेली. त्याला मराठी येत नाही, म्हणून मी फोनवर इंग्रजीत दोन ओळी जुळवल्या. "असं कुणी लिहितं का, बाबा?" म्हणत लेकीने त्या ओळी क्षणात नीट करून दिल्या. अगदी गुळगुळीत.

मला वडील आठवले. त्यांच्या तमिळ साहेबांची आई वारली, तेव्हा तेही असेच लिहायला बसले होते. "मी येऊन तुमच्याजवळ बसतो," हे त्यांनी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवलं होतं. नुकताच कॉलेजात गेलेला मी हसलो आणि पुस्तकी, बिनचूक वाक्य सांगितलं. त्यांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं, पण खाली आपलंही ठेवलं. म्हणाले, "तुझं बरोबर असेल रे, पण त्यात मी त्यांच्याकडे जातोय कुठे?" संध्याकाळी पिठलं-भाताचा डबा घेऊन ते गेले आणि तासभर न बोलता बसून आले.

पुढे मी आयुष्यभर बिनचूक पत्रं लिहिली. कुणाकडे जाऊन बसलो, ते मात्र आठवावं लागतं.

"पाठवू?" लेकीने विचारलं.

"पाठव," मी म्हणालो, "आणि चेन्नईचं तिकीट बघ."