पडायची शिकवणी

अगं मंजू, ये, अशी जवळ बैस. कराटेत तपकिरी पट्ट्यापर्यंत गेलीस, आणि ज्युदोत पुन्हा पांढरा पट्टा बांधून नुसतं पडायला लावतात म्हणून पंधरा दिवसांत रुसून घरी बसलीस? शोभतं का?

काल आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग चालला होता, तिथे डोकावले. बँकेतल्या एक बाई, तुझ्यासारख्याच कराटेतून ज्युदोत आलेल्या. पाय रोवून उभं राहायची सवय! ढकललं की पडायचं सोडून ताठ हात मागे टेकायच्या. सर ओरडले, "मॅडम, हात मोडेल! जमिनीशी भांडू नका, पडा!" मग हनुवटी छातीला लावून त्या गोल लवंडल्या, गादीवर तळवे आपटले आणि हसत उठल्या.

तेव्हापासून तुझ्या आत्याला चैन नाही बघ. मागे एकदा न्हाणीघरात घसरले होते ना, तेव्हापासून मी भिंत धरूनच चालते. उभं राहा, असं जन्मभर सगळे सांगतात; पडावं कसं, ते कोण सांगतं? सकाळी पलंगावर मागे लवंडून पाहिलं, तर मानच आखडली.

रविवारी ये गं. दोन गाद्या अंथरून ठेवते. मला पडायला शिकव.