तुळशीवरचा नाकवाला पतंग

सासूबाई कोकणातून आमच्या वसईच्या फ्लॅटवर राहायला आल्या, तेव्हा सोबत तुळशीचं रोप घेऊन आल्या. पंधरा दिवसांत गॅलरीतल्या त्या रोपाची पानं मिटायला लागली, कुणी टाके घालून दुमडावीत तशी. एक पान उलगडलं तर आत बारीक हिरवी अळी.

"तंबाखूचं पाणी मारते," सासूबाई म्हणाल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "आई, दोन अळ्या मला द्या, वर्गात दाखवते." जॅमची बाटली, आत तुळशीची पानं, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा. पण दिवाळीची सुट्टी लागली आणि बाटली घरीच राहिली. मी पेपर तपासत बसायचे, त्यामुळे पानं बदलायचं काम सासूबाईंकडे गेलं. पहिल्या दिवशी कुरकुरत केलं, तिसऱ्या दिवशी मी न सांगताच. "आज एकीने काही खाल्लंच नाही गं," असं काळजीने सांगायला लागल्या. तंबाखूचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग अळ्यांनी पानांच्या घडीतच कोष केले. एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, लवकर ये! याला नाक आहे!"

नखाएवढा पिवळसर पतंग, पंखांवर नागमोडी रेघा, तोंडापुढे खरंच चोचीसारखं काहीतरी. मी फोटो काढून पतंग बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. एका जाणकारांनी उत्तर दिलं, 'तुळशीची पानं दुमडणारा पतंग. याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.'

"बघत नाहीत म्हणजे काय?" सासूबाईंना ते लागलंच.

पतंग गॅलरीतून सोडले, तोवर तुळशीच्या काड्या उरल्या होत्या. म्हणून नवं रोप आणायला रिक्षाने जवळच्या सांडोरला, रोपं विकणाऱ्या एका वाडीत गेलो. वाडीवाल्या काकांनी डेरेदार रोप पुढे केलं. "बघा, एक पान खराब नाही."

"ते कोपऱ्यातलं, पानं मिटलेलं, तेही द्या," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्यात अळी आहे!" मी म्हटलं.

"म्हणूनच मागते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझा फोन घेऊन त्यांना पतंगाचा फोटो दाखवला. काकांची बायको हातातली केळी ठेवून बघायला आली.

"हा होय! हा तर आमच्याकडे कायम असतो," ती म्हणाली.

"मग एवढे दिवस कुणाला सांगितलं का नाही?" सासूबाई म्हणाल्या, आणि काकांच्याच खुर्चीवर बसून अळी काय खाते, किती खाते, ते त्या दोघांनाच समजावून सांगायला लागल्या.