माळावरचा वळसा

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळ रस्त्याच्या कामावर मी मुकादम होतो. तिथं खडी फोडणारा एक ख्रिस्ती माणूस काम सुटल्यावर माळाला वळसा घालून घरी जायचा. सरळ वाटेवर दारूची भट्टी होती.

एकदा मी त्याच्यासोबत चाललो. लांबून भट्टीचा धूर दिसला तसे त्याचे ओठ प्रार्थनेत हलू लागले.

"प्रभूनं दारू सोडवली म्हणता, मग वळसा कशाला?" मी विचारलं.

"रोज सोडवतो, मुकादम. रोज मागावं लागतं," तो म्हणाला. "पन म्या लई उशिरा हाक मारली. पोरगी तापली हुती. औशिदाला म्हनून निघालो, अन् भट्टीवरच बसलो."

पुढं त्यांची दफनभूमी लागली. त्यानं टोपी काढली, लहानशा क्रूसावरची धूळ तळहातानं पुसली आणि म्हणाला, "आलो गं, माजे बाय."