खताच्या दुकानावरचा स्पॅनिशचा वर्ग

शुभांगी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी माझ्या टायपिंगच्या मुलांची सराव परीक्षा घेत होते. तिच्या भावाने इस्लामपूरहून दोन वाक्यं बोलून फोन ठेवला. मी परीक्षा पुरी करून घेतली... माझ्या जागी ती असती, तर तिनेही हेच केलं असतं. महिना होऊन गेला, आता कुठे लिहायला बसले आहे.

कराडात माझा टायपिंगचा क्लास खताच्या दुकानावर आहे. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ही बाई एक दिवस जिना चढून आली आणि संध्याकाळी खोली स्पॅनिशच्या वर्गाला द्याल का, असं विचारू लागली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. उसाच्या पट्ट्यात स्पॅनिश शिकणार कोण? मलाही वाटलं, चार दिवसांची हौस आहे, फिटेल. पण पोरं आली. इंजिनिअरिंगची आली, एक नर्स आली आणि आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातली राणीही आली. मग आमची 'अहो-जाहो' सुटली आणि खोलीही तिचीच झाली.

त्या वर्गाची एक रीत होती. आल्या आल्या प्रत्येकाने आज काय केलंय, ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. उद्या काय करणार हे सांगायला बंदी. बेत घरी ठेवून या, म्हणायची. कुणी उसाला पाणी पाजलेलं असायचं, कुणी इंजेक्शनं दिलेली असायची. राणी भाकरीपाशी हमखास अडखळायची. आपण भात केला म्हणतो आणि भाकरी केली म्हणतो, त्या सवयीने ती 'ए एचो'चं, म्हणजे 'मी केलंय'चं, 'ए एचा' करून टाकायची. मग शुभांगी अस्सल इस्लामपुरी होऊन सांगायची, "भात आसू दे न्हाईतर भाकरी, हितं 'एचो' जागचं हालत न्हाई." सगळा वर्ग हसायचा, राणी सगळ्यांत जास्त.

शुभांगीचा आजार कळला तेव्हा राणीची स्पॅनिशची परीक्षा तोंडावर आली होती. शुभांगी भावाकडे राहायला गेली, तर ही पोरगी रोज एसटीने तिच्यामागे इस्लामपूरला. उशाशी बसून धडे चालायचे. मला राग यायचा. शेवटच्या भेटीत मी शुभांगीला स्पष्टच बोलले, की आता जिवाला आराम दे. पण तिला काळजी जिवाची नव्हतीच. आपल्यामागे कराडातला वर्ग बंद पडू नये, एवढंच तिला हवं होतं. राणी पाणी आणायला आत गेली, तेव्हा शुभांगी हळूच म्हणाली, "मी जायच्या आत ती तयार झालेली आसंल. बघ तू."

निकाल ती गेल्यावर लागला. राणी उत्तम गुणांनी पास झाली. पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं, तर हिने घरी बसून करायचं काम मागून घेतलं आणि कराडातच राहिली. शुभांगीचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी चारचौघांत सांगते. ज्यांनी तिला वेड्यात काढलं होतं, त्यांना तर मुद्दाम सांगते.

गेल्या सोमवारी वर्ग पुन्हा भरला. राणी शुभांगीच्या खुर्चीवर बसली नाही. एकेकाला विचारत विचारत ती मागे टेबलं पुसत असलेल्या माझ्यापर्यंत आली. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, तुमी आज काय केलंय?"

"ए आब्येर्तो ला पुएर्ता," मी म्हणाले. दार उघडलंय.