बापूंनी परत केलेला नारळ

बापूंची नखं कायम काळी. एका छोट्या संस्थानाच्या राजाचे हे धाकटे चिरंजीव, आणि बडोद्यात पादरा रोडवर गाड्या दुरुस्त करायचे! गुजराती गिऱ्हाईकं अदबीने ‘बापू’ म्हणत, म्हणून आम्ही शेजारीही तेच म्हणायचो. कुणी राजवाड्याबद्दल खोदून विचारलंच, तर गाडीखालूनच उत्तर यायचं, “दादासाहेबांना गादी मिळाली, मला पाना. माझा पाना अजून चालतोय!”

पण दसरा आला की नखं घासून, बायकोमुलासकट थोरल्या भावाला, दादासाहेबांना, मुजरा करायला निघायचे. संस्थानं विलीन होऊन जमाना लोटला होता. “अहो, आता कसले राजे नि कसला मुजरा?” मी चिडवायचे.

“शैलाबेन, राज्य गेलं. भाऊ थोडाच गेला?”

दादासाहेबांचा शब्द बापूंनी कधी खाली पडू दिला नव्हता. जमिनीतला वाटासुद्धा त्यांनी मागितला म्हणून सोडून दिला होता.

एका रविवारी सकाळी मी बापूंकडे विरजण मागायला गेले. नलूताई, म्हणजे बापूंची बायको, स्वयंपाकघरात होती. बेल वाजली म्हणून मीच दार उघडलं. दारात दादासाहेब आणि वहिनीसाहेब. वहिनीसाहेबांनी चांदीचं ताट पुढे केलं. त्यात शाल आणि वर नारळ. पाहुण्यांच्या हातातलं ओझं घ्यावं, एवढीच माझी अक्कल! घेतलं आणि “या, बसा” म्हटलं. वहिनीसाहेबांचे डोळे भरून आले. “नारळ घरात आला. विक्रम आमचा झाला.”

त्यांना मूल नव्हतं. त्या घराण्यात दत्तक असाच मागत. नारळ घेतला की शब्द दिला. मला मेलीला काय माहीत? नलूताई बाहेर आली, ताट पाहिलं आणि मटकन खालीच बसली. आठ वर्षांचा विक्रम तिचा एकुलता एक.

“उद्या गाडी पाठवतो,” दादासाहेब म्हणाले.

आवाज ऐकून बाहेर आलेले बापू मान खाली घालून उभे. मला वाटलं, संपलं, हा देवमाणूस आता ‘जी’ म्हणणार. त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, वहिनीसाहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि भावाच्या पाया पडले.

“दादासाहेब, जमीन मागितलीत, दिली. विक्रम मिळणार नाही.”

“गादीला वारस नको?”

“गादीला कुणीही चालेल. विक्रमच्या आईला दुसरा नाही चालणार.”

मंडळी चहाही न घेता गेली. त्यानंतर मुजऱ्याचं बोलावणं कायमचं बंद झालं.

पुढच्या दसऱ्याला मी अपराध्यासारखी सोनं द्यायला गेले. बापू सकाळपासून तयार होऊन नुसतेच बसले होते. “माझ्यामुळे झालं हो सगळं,” म्हणताना मला रडूच फुटलं. त्यांचेही डोळे भरले.

“भाऊ तुटला, बेन. फार वाईट वाटतं. पण उद्या परत दारात आले, तरी पाया पडेन आणि नाहीच म्हणेन.”